नर्तकीची केशरचना : भोकरदनच्या हस्तिदंती शिल्पापासून लावणीच्या अंबाड्यापर्यंत

मराठीतील नृत्यविषयक समीक्षेत पदन्यास, अदा, गायन, ढोलकीची साथ आणि वेशभूषा यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. लावणीविषयी लिहिताना नऊवारीचा काचा, शालूचे काठ, घुंगरांचे वजन यांची वर्णने अभ्यासक आवडीने करतात. केसांचा विषय मात्र 'केसांत माळलेला गजरा' एवढ्या शब्दांत आटोपतो. गजरा दिसतो, परंतु तो ज्यावर माळला जातो तो अंबाडा, आणि तो अंबाडा गिरकीमागून गिरकी घेतली तरी जागचा हलत नाही यामागचे कौशल्य, समीक्षकाच्या नजरेतून निसटते. केशरचना हा नर्तकीच्या शृंगाराचा शेवटचा हात आहे, अशी समजूत त्यामागे दिसते. वस्तुतः ती नृत्यतंत्राची पहिली पायरी होय. ही भूमिका घेऊन नर्तकीच्या केशरचनेचा आणि तिच्याकडे पाहण्याच्या रूढ दृष्टीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या विचाराची सुरुवात जालना जिल्ह्यातूनच करता येते, ही येथील अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे.

केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरीतील दात्यांचे उल्लेख येतात. नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. तेव्हा उत्खननाच्या काळात भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. या उत्खननात सातवाहनकालीन हस्तिदंती काम मिळाले आणि त्यामुळे भोकरदनचे नाव दूरच्या एका शिल्पाशी जोडले गेले. इटलीतील पाँपेई येथे 1938 मध्ये सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. इ. स. 79 मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ती गाडली गेली, म्हणजे ती त्यापूर्वीची आहे हे निश्चित. प्रारंभी ती मथुरेकडची मानली गेली. पुढे भोकरदनला तिच्याशी साम्य असलेले काम मिळाल्याने म. के. ढवळीकर यांनी तिचे मूळ भोकरदनकडे असावे असे प्रतिपादन केले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील हस्तिदंती मूर्तीही याच घराण्यातील आहे. पाँपेईच्या मूर्तीवर एक खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे व त्यामुळे तिचे मूळ वायव्येकडे शोधण्याचा मोह होतो. तथापि दख्खनवर काही काळ सत्ता गाजविणाऱ्या क्षहरात क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवरही खरोष्ठी लिपी आढळते, हे लक्षात घेतले म्हणजे तो आक्षेप निर्णायक ठरत नाही.

मूर्ती कोणाची, या प्रश्नावर भरपूर लिहिले गेले आहे. सापडली तेव्हा ती लक्ष्मी म्हणून ओळखली गेली. हाती कमळ नाही म्हणून पुढे यक्षी ठरली. काहींनी तिच्यात गणिका पाहिली. या वादात मूर्तीने प्रत्यक्ष काय केले आहे, याकडे दुर्लक्ष झाले. तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका आहेत व त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत. तिचा एक हात वर उचलून मानेच्या मागे गेलेला आहे. पाय एकमेकांवर तिरपे आहेत. पाठीवर दागिन्यांनी बांधून काढलेली लांब वेणी उतरते. पुस्तकांत मात्र बहुधा समोरून घेतलेले छायाचित्रच छापले जात असल्याने ही वेणी वाचकाला दिसत नाही. ती नर्तकीच आहे असा दावा करणे धाडसाचे होईल. परंतु तिची उभे राहण्याची ढब नाचणाऱ्या देहाची आहे, आणि शिल्पकाराने निवडलेला क्षण प्रसाधनाचा आहे. सेविकांच्या हातांतील पात्रे आणि मानेमागे गेलेला हात यांमुळे देहाची तयारी हाच या शिल्पाचा विषय झालेला आहे. लक्ष्मी की यक्षी, या प्रश्नापेक्षा हे निरीक्षण नृत्याच्या अभ्यासकास अधिक उपयोगाचे आहे.

प्रसाधनाचा हा विषय याच परिसरातील अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पुन्हा येतो. तेथील आरशात पाहणारी राजस्त्री आणि तिच्याभोवतीच्या सेविका हे चित्र सर्वपरिचित आहे. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात प्रत्यक्ष नर्तकी आणि तिचा स्त्रीवादकांचा ताफा आढळतो. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यातील नृत्यशिल्पात मध्यभागी नर्तकी व तिच्या दोन्ही बाजूंस मिळून सहा स्त्रीवादक आहेत. देह त्रिभंगात वळलेला असूनही डोक्यावरची रचना ठाम आहे. शिल्पकाराला मोकळे केस कोरता येत नव्हते असे नाही. गतिमान देहावर स्थिर मस्तक हवे, ही त्याची निवड आहे.

अभ्यासकांनी केशरचनांची नोंद घेतली नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गो. स. घुर्ये यांनी भारतीय वेशभूषेवरील 1951 च्या ग्रंथात आणि ढवळीकरांनी अजिंठ्याच्या सांस्कृतिक अभ्यासात या विषयाला स्थान दिले. मात्र ही दृष्टी समाजेतिहासाची आहे. केस कोणत्या काळी, कोणत्या थरात, कसे बांधले जात, हे तीतून समजते; बांधलेल्या केसांनी नाचणे कसे शक्य होते, हा प्रश्न तीत उद्भवत नाही. भरताचे नाट्यशास्त्र तरी तो विचारते काय? आहार्याभिनयाच्या विवेचनात निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांच्या केशरचना सांगितल्या आहेत. आभीर स्त्रियांसाठी दोन वेण्या व प्राधान्याने निळे वस्त्र सुचविले आहे. विरहिणीसाठी एकवेणी सांगितली आहे. म्हणजे भरताच्या दृष्टीने केस हे पात्राचा प्रदेश व अवस्था सांगणारे चिन्ह आहे. अमरकोशाने बांधलेल्या केसांना 'धम्मिल्ल' हा स्वतंत्र शब्द दिला. बांधणाऱ्या हातांविषयी मात्र दोन्हीकडे मौन आहे. मराठी समीक्षेने हेच मौन पुढे चालविले.

या मौनाचा भंग करावयाचा तर केस बांधण्याची क्रिया जवळून पाहावी लागते. पाश्चात्त्य बॅले नृत्यातील केशरचना या दृष्टीने उपयुक्त ठरते, कारण तेथे ती शिस्तीचा उघड भाग आहे. बॅलेच्या वर्गात केस मागे चापून ओढून, घट्ट शेपटी बांधून, पीळ देऊन गोल गुंडाळतात. जाळी चढवितात आणि आकडे अंबाड्याच्या कडेने आत वळवून खोचतात. यामागे व्यावहारिक कारण आहे. गिरकी घेताना नर्तिका नजर एका बिंदूवर ठेवते, देह फिरत असताना मस्तक शक्य तितका वेळ मागे ठेवते आणि मग झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणते. मस्तकावरचे वजन एका बाजूला कलले किंवा बट डोळ्यांवर आली तर तोल जातो. शिवाय मानेची रेषा उघडी राहिली नाही तर शिक्षकाला चूक दिसत नाही आणि प्रेक्षकाला सौंदर्यही दिसत नाही. 1832 मध्ये पॅरिस येथे 'ला सिल्फीद'मध्ये मारी तालिओनी नाचली. तिच्या मधोमध भांग पाडून कानांवरून मागे नेलेल्या केसांचा ठसा पुढील पिढ्यांच्या बॅलेवर उमटला.

भारतीय नृत्यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडविला आहे. ओडिसीत अंबाड्याभोवती शोल्याचा मुकुट येतो. कथकात चक्रांच्या वेगात लांब वेणी चाबकासारखी फिरते व ती सांभाळणे हा रियाजाचा भाग होतो. भरतनाट्यमची वेणी गंगावनाने वाढवून, टोकाला गोंडे लावून पाठीच्या कण्याशी समांतर सोडतात. कणा वाकला की वेणी ते लगेच उघड करते. या नृत्याची आजची मांडणी ज्या तंजावर बंधूंच्या हातून घडली ते सरफोजी (दुसरे) यांच्या मराठा दरबाराशी संबंधित होते, हे मराठी वाचकाला येथे आठवावे. कुचिपुडीतील सत्यभामा तर पडद्यावरून वेणी टाकून सभेला आव्हान देते. प्रवेशापूर्वी पात्राचा एवढाच भाग दिसतो, आणि तेवढा पुरतो.

बॅले आणि लावणी यांची तुलना वरवर विचित्र वाटेल. बॅलेचा अंबाडा केसांना अदृश्य करतो. लावणीचा अंबाडा त्यांना मिरवितो. तथापि दोन्हीकडे मान मोकळी करणे हेच उद्दिष्ट आहे. लावणीतील मुरका मानेतून निघतो. खांद्यावरून मागे टाकलेली नजर, हनुवटीचा हलका झोल, पाठमोरे होऊन अर्धवट वळणे, या सर्व अदा कानापासून खांद्यापर्यंतची रेषा दिसली तरच वाचता येतात. अंबाडा फार खाली, मानेवर बसला तर मस्तक मागे झुकविता येत नाही; फार वर गेला तर पदराचा डौल बिघडतो. त्याची जागा चार बोटांच्या अंतरात ठरते. ती प्रत्येक नर्तकीच्या मानेच्या लांबीप्रमाणे बदलते. जाणत्या बाईला ती हाताने समजते.

मराठीत या रचनेला असलेले शब्दही सूचक आहेत. 'खोपा' म्हणजे केसांची गाठ आणि सुगरणीचे घरटेही. विणून, गुंतवून, टांगता ठेवूनही न सुटणारी वस्तू, हा अर्थ दोन्हीकडे समान आहे. 'वेणी' हा शब्द केसांच्या पेडांना लागतो तसाच त्यांवर माळावयाच्या फुलांनाही. भाषेने केस आणि फूल यांत भेद ठेवला नाही. समीक्षेने मात्र फूल तेवढे उचलले.

तमाशाच्या फडात ही कला वेगळ्या परिस्थितीत वाढली. साधारणतः दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फड गावोगाव फिरतो. हंगामाचा उत्तरार्ध जत्रांचा, म्हणजे मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्याचा असतो. तंबूच्या कनातीआड, एका दिव्याच्या उजेडात, बायका एकमेकींचे केस बांधतात. थोरली धाकटीचे डोके हातात घेते. केसांना तेल जास्त झाले तर आकडे निसटतात. केस त्याच दिवशी न्हालेले, भुरभुरीत असले तरी आकडा धरत नाही. घामाने मानेवरचे बारीक केस सुटतात, म्हणून ते आधीच ओलसर हाताने वर चापले जातात. भांग पाडून मागे शेपटी, तीत गंगावन, मग पीळ, मग आत भरणीची उशी, मग जाळी, मग आकडे आणि सर्वांत शेवटी गजरा. गजरा ओला असेल तर त्याचे वजन एका बाजूला येते. म्हणून तो अर्धगोल लावून दोन्ही टोके दोऱ्याने अडकविली जातात. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ढोलकीवादकाचे घराणे सांगितले जाते, शाहिराची गुरुपरंपरा सांगितली जाते. केस बांधणारीचे नाव कोठेही येत नाही. नाट्यस्पर्धांतून रंगभूषेला पारितोषिक असते आणि केशभूषा तिच्या पोटात जमा धरली जाते.

बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांतील भेदही केसांच्या अंगाने पाहण्याजोगा आहे. बैठकीत रसिक काही हातांच्या अंतरावर असतो. यमुनाबाई वाईकर (1915-2018) यांच्यासारख्या कलावतीची अदाकारी बसल्या जागी, डोळे, मान आणि बोटे यांतून उलगडत असे. अशा ठिकाणी केसांची ठेवण घरंदाज आणि नेटकी पुरते. फडात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला मस्तकाची हालचाल दिसावी म्हणून अंबाडा मोठा व गजरा घसघशीत होतो. त्याला भडकपणा म्हणणे म्हणजे अंतराचे गणित न समजणे होय.

लावणीत अंबाड्याकडे हात नेण्याची एक परिचित अदा आहे. कोपर वर, मनगट वळलेले, बोटे गजऱ्याला अलगद स्पर्श करतात. समीक्षक तिला शृंगाराचा विभ्रम म्हणतात, आणि ती तशी आहेच. पण याच स्पर्शात नर्तकी आकडा सुटला की काय, हेही चाचपून घेत असते. कामाची गरज अदेत रूपांतरित झाली आणि प्रेक्षकाला तिचा पत्ता लागला नाही, यात या कलावतींची प्रतिभा आहे. भोकरदन घराण्यातील त्या हस्तिदंती स्त्रीचा मानेमागे गेलेला हात या अदेशेजारी ठेवून पाहावा. दोहोंत ऐतिहासिक परंपरेचा धागा सिद्ध करता येणार नाही. पण केस बांधलेल्या देहाची सवय एकच आहे.

या केसांची मालकी हाही प्रश्न आहे. गंगावन पूर्वी चमरीच्या शेपटीच्या केसांचे, पुढे माणसाच्या केसांचे आणि आता बहुतांशी नायलॉनचे असते. पवळाबाई हिवरगावकर यांनी फडात पाऊल ठेवण्यापूर्वी तमाशात स्त्रीवेषातील मुलगे नाचत. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या (1888-1967) स्त्रीवेषाचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. म्हणजे स्त्रीच्या केसांचा आदर्श काही काळ पुरुषाच्या मस्तकावर घडत होता. त्याच समाजात उच्चवर्णीय विधवेचे केशवपन होत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी 1890 मध्ये विधवांचे केस कापण्यास नकार दिला. या पार्श्वभूमीवर नर्तकीचा भरघोस अंबाडा पाहिला म्हणजे त्याला केवळ 'शृंगारिक' म्हणणे अपुरे ठरते. जे केस घरातल्या एका स्त्रीला ठेवू दिले जात नव्हते, त्यांवर दुसऱ्या स्त्रीने गजरा माळावा आणि त्याच घरातील पुरुषांनी तो पाहण्यासाठी पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. 'नखरा' हा शब्द समीक्षेत येतो तेव्हा ही व्यवस्था नजरेआड होते आणि दोष बाईच्या केसांवर राहतो.

केस सुटतात तेव्हा काय होते, याचेही उत्तर परंपरांनी दिले आहे. 1841 च्या 'जिझेल'मध्ये प्रियकराचा विश्वासघात उघड होताच नायिकेचे केस सुटतात आणि तिचे भान हरपते. 'वेणीसंहार' नाटकात द्रौपदीचे मोकळे केस संपूर्ण कथानक बांधून ठेवतात. देवीच्या जत्रेत अंगात आलेल्या बाईचे केस मोकळे होतात. घुमणाऱ्या मस्तकाभोवती ते फिरतात तेव्हा पाहणारा तिला नाचणारी म्हणत नाही. वारे आले म्हणतो. बांधलेले केस म्हणजे देहावर नर्तकीचा ताबा, मोकळे केस म्हणजे तो ताबा दुसऱ्याकडे गेला, अशी ही लोकांची समजूत दिसते.

परंतु या द्वंद्वात न बसणारी तिसरी अवस्था महाराष्ट्रात आहे. ती जटेची. केसांत गुंता होऊन जट झाली की ती यल्लम्माची खूण मानून मुलीला देवाला सोडण्याची प्रथा दक्षिण महाराष्ट्र व सीमाभागात होती. चौंडक्याच्या तालावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या जोगतिणींच्या मस्तकावरची जट बांधलेली नसते आणि सुटतही नाही. येथे केस हे नर्तकीचे तंत्र नाही आणि तिची निवडही नाही. तो तिच्यावर बसविलेला हक्क आहे. महाराष्ट्राने देवदासी प्रथेविरुद्ध 2005 चा कायदा केला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जटा सोडविण्याचे काम करीत आले आहेत. नृत्याच्या सौंदर्यशास्त्राने या केसांकडे पाठ फिरविली, तर लोककलेच्या अभ्यासाला 'लोक' हा शब्द वापरण्याचा अधिकार कितपत राहतो, हे तपासावे लागेल.

चित्रपटाने लावणीला मोठा प्रेक्षक दिला. केशरचनेच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम संमिश्र आहे. 'सांगत्ये ऐका' (1959), 'पिंजरा' (1972), 'नटरंग' (2010) या चित्रपटांनी लावणी नर्तकीची प्रतिमा घट्ट केली. कॅमेऱ्यापुढचे नृत्य तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. दोन तुकड्यांच्या मध्ये ढळलेला गजरा नीट करता येतो. परिणामी पडद्यावरचा अंबाडा कधीच हलत नाही. प्रेक्षक तोच निकष प्रत्यक्ष रंगमंचावर लावतो. एका दमात लावणी सादर करणारीची बट सुटली की तिची तयारी कच्ची ठरते. हा निकष चुकीचा आहे, कारण सलग सादरीकरणात शेवटच्या कडव्याला सुटलेली एखादी बट ही त्या नाचाच्या वेगाची साक्ष असते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांशी या विषयाचा थेट संबंध युवक महोत्सवाच्या निमित्ताने येतो. लावणीची तयारी करणारी विद्यार्थिनी पाठ, ताल आणि काचा शिकते. अंबाडा मात्र बाजारातून तयार आणते. हा नायलॉनचा अंबाडा एका रबरावर अडकविलेला असतो. तो कोणाच्याही डोक्यासाठी केलेला असल्याने तिच्या डोक्यावर बसत नाही, आणि पहिल्या दोन गिरक्यांतच कलतो. मग तिचा हात मागे जातो. समोर बसलेला परीक्षक त्या हालचालीला अदा समजून गुण देतो किंवा घाबरटपणा समजून कापतो. दोन्ही वेळा तो केसांकडे पाहत नसतो. महाविद्यालयाने सरावासाठी ढोलकीवादक बोलवावा तशी फडातून निवृत्त झालेली, केस बांधणारी एखादी बाईही मानधन देऊन बोलवावी. विद्यार्थिनींनी महिनाभर आपल्याच केसांवर, गंगावन लावून, आकडे खोचून सराव करावा. अंबाडा बांधून पायऱ्या चढाव्यात, मान फिरवावी, गिरकी घ्यावी आणि कोठे ओढ बसते ते पाहावे. अशा सरावानंतर अंबाड्याकडे गेलेल्या हातात काय चाचपणे आहे आणि काय अदा आहे, हे विद्यार्थिनीला स्वतःलाच कळू लागते.